एकवचन, आदर आणि चित्रपटगीताची समीक्षा

मराठी संगीतविषयक लेखनातील आदर क्रियापदावरून ओळखू येतो. बुवा आणि खाँसाहेब ‘गातात’. चित्रपटातील गायिका मात्र ‘गाते’, आणि तिचा संगीतकार ‘चाल लावतो’. हे एकवचन जिव्हाळ्याचे, असे सांगितले जाते. क्वचित ते तसे असेलही. परंतु मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँविषयी लिहिताना असा जिव्हाळा कोणास सुचत नाही; त्याच मिरजेत जन्मलेल्या, ‘पिंजरा’चे (1972) संगीत देणाऱ्या राम कदमांविषयी तो सहज सुचतो.

वस्तुतः वेगळी वाट मराठीत फार पूर्वीच पडली होती. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ ह्या टोपणनावांनी गायकांची चिकित्सा करणारे केशवराव भोळे (1896–1977) पुढे ‘प्रभात’चे संगीतदिग्दर्शक झाले. ‘कुंकू’मध्ये (1937) पार्श्वसंगीत टाळून केवळ प्रसंगातील स्वाभाविक ध्वनींवर भर देण्यात आला. संगीत कोठे नको, हाही संगीतविचारच आहे. मात्र तो ऐकू येण्यास समीक्षकाला चित्रपटाचे तंत्र ठाऊक असावे लागते. गीतांच्या गोडव्याची प्रतवारी लावणाऱ्यास तो सापडत नाही. तंत्राचे हे अज्ञान पुष्कळदा अभिरुचीच्या नावाखाली खपून जाते. बा. वि. केसकर 1952 मध्ये नभोवाणीमंत्री झाल्यावर आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना जी ओहोटी लागली, तिच्यामागेही चिकित्सेपेक्षा सोवळेपणच अधिक होते.

‘सांगत्ये ऐका’ (1959) मधील, साताऱ्याच्या वाटेवर हरवलेल्या बुगडीची लावणी पाहावी. गीतकार ग. दि. माडगूळकर शेटफळ्याचे, गायिका आशा भोसले सांगलीत जन्मलेल्या. चित्रपट आला तेव्हा ह्या जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा होते. ‘सांगली’ हे नाव 1960 चे. संगीत वसंत पवारांचे. ‘ठसकेबाज’ हे विशेषण लावले की ह्या गीताची समीक्षा संपते. ठसका शब्दफेकीत आहे, ढोलकीच्या तोडात आहे की ध्रुपदाकडे परतण्याच्या रीतीत, हे विचारले जात नाही. हे न विचारणे हाच खरा अनादर; नावापुढे ‘बाई’ जोडून तो भरून निघत नाही.

आणि आदर म्हणजे भलावण नव्हे. ह्याच लावणीला एक कठोर प्रश्न विचारता येतो. वाईच्या यमुनाबाई वाईकर (1915–2018) बैठकीत एकेका ओळीवर थांबत, तीच ओळ निरनिराळ्या भावांनी, अदाकारीने फिरवीत. तेथे गळा आणि मुद्रा एकाच स्त्रीची. ध्वनिमुद्रिकेच्या तीन-साडेतीन मिनिटांत ह्या विस्तारास जागा नाही. शिवाय पार्श्वगायनाच्या पद्धतीत पडद्यावरील नर्तकीचे ओठ तिचे आणि स्वर दुसरीचा. बैठकीतील कलावतीची गाण्यावरील मालकी अशा रीतीने दोघींत वाटली गेली, आणि ती मूळ कलावती ह्या वाटणीत कोठेच उरली नाही. गायिकेच्या किंवा संगीतकाराच्या कर्तृत्वास बाध न आणता हे म्हणता येते. किंबहुना ते कर्तृत्व नेमके जाणणाऱ्यालाच ते म्हणता येते.

यमुनाबाईंना 1977 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पद्मश्री येईपर्यंत 2012 उजाडले होते.