बाळगोळी

मंडळी, मुंबईहून कोकणात उतरायच्या जुन्या वाटांपैकी धरमतर ही एक. अंबा नदी समुद्राला मिळायला जाते, तिची ही खाडी. आगबोट खाडीतून आत यायची, धक्क्याला लागायची, आणि उतारू पेण, नागोठणे, रोह्याकडे बैलगाड्यांनी, पुढे मोटारींनी पांगायचे. आज खाडीवर पूल आहे आणि धक्क्याला माणसांऐवजी कोळशाचे नि खनिजाचे बार्ज लागतात. कुलाबा जिल्ह्याचे नावही १९८१ साली रायगड झाले. असो.

ही वाट काही एकतर्फी नव्हती. भात झोडून झाले, घरात चार महिन्यांचे धान्य उरले नाही, की इकडची माणसे मुंबई गाठीत. कुणी गोदीत, कुणी गिरणीत. नवऱ्यामागून बायकोही जाई आणि तिच्या कडेवर तान्हे असे. इतिहासाच्या पुस्तकांत गिरण्यांच्या चात्या मोजलेल्या आहेत, कापडाच्या गाठी मोजलेल्या आहेत. पण आई दिवसभर गिरणीत उभी असताना हे तान्हे कुणी सांभाळले, हे फार थोड्यांनी विचारले. आज आपण तेवढेच विचारू. त्याचे उत्तर एका मोहरीएवढ्या गोळीत आहे.

तिला बाळगोळी म्हणत. नाव किती गोंडस! आत होती अफू. सकाळी भोंगा व्हायच्या आधी आई ती पोराला चाटवी, पोर गुंगून पडे, आणि शेजारची म्हातारी पाचसहा घरांतली अशी निजलेली पोरे एका खोलीत राखी. संध्याकाळी आई आली की पोर जागे होई. रात्री पुन्हा रडू लागले, तर पुन्हा गोळी. कारण सकाळी परत भोंगा होताच.

इथे एक खुलासा करतो, म्हणजे घरच्या आजीबाई रागावणार नाहीत. बाळगोळी म्हणजे आपली बाळगुटी नव्हे. गुटीत वेखंड, हरडा, मुरडशेंग, हळकुंड, अतिविष, जायफळ अशी मंडळी सहाणेवर येतात आणि त्यांचे माप वेढ्यांनी चालते. याचा एक वेढा, त्याचे दोन. जायफळाचा वेढा जास्त झाला तर पोर सुस्त पडते, हे उगाळणारीला पक्के ठाऊक असते. आजचे डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात, आणि ते ऐकावे हे बरे. पण गुटीला निदान माप होते आणि ते माप जाणणारे माणूस घरात होते. बाळगोळीचे माप कुणाच्याच हातात नव्हते. गोळी वळणाऱ्याचे बोट जाड की बारीक, यावर पोराचा जीव अवलंबून.

आता गिरणगावातल्या पोरांपैकी किती जणांना ती देत असतील? दहातल्या दोघातिघांना, असा आपला अंदाज. मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांना गिरणीत राबणाऱ्या बायांच्या बाळंतपणाची चौकशी करायला नेमले होते. त्यांचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात आकडा आहे ९८ टक्के. शंभरातली दोनच पोरे सुटलेली.

गुरुजी, हा आकडा वर्गात सांगाल तर त्याच्याबरोबर दुसराही सांगा. १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने कामाची हद्द घातली ती दिवसाला ११ तास आणि आठवड्याला ६० तास. म्हणजे कायदा पाळला तरी आई ११ तास पोरापासून दूर, शिवाय जाण्यायेण्याचा वेळ निराळा. बाळंतपणाची पगारी रजा मुंबई इलाख्यात कायद्याने मिळाली ती १९२९ साली. त्याआधी घरी बसली तर मजुरी बुडाली. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव आया एकाएकी दुष्ट होत नसतात. हा आकडा त्या बायांचा नाही, त्या ११ तासांचा आहे, असे मला वाटते.

आणि हे एकट्या मुंबईचे पाप नव्हते बरे का. विलायतेत गिरण्यांची शहरे वाढली तेव्हा तिथल्या मजूरबायाही पोरांना गॉडफ्रीज कॉर्डियल नावाचे गोड पाणी पाजीत. त्यातही अफूच. अमेरिकेत १८४९ पासून मिसेस विन्स्लोचे सुदिंग सिरप खपत होते, त्यात मॉर्फिन, म्हणजे अफूचेच सत्त्व. बाटलीत काय आहे ते चिठ्ठीवर छापलेच पाहिजे, अशी सक्ती तिथे १९०६ च्या कायद्याने आली, आणि मग कुठे आयांना कळले की आपण पोराला काय पाजत होतो.

अफू पोराला करते काय? ती झोप आणते, हे खरे. पण त्याच वेळी भूक मारते आणि पोट बांधते. पोर दूध कमी ओढते आणि दिवसेंदिवस किडकिडीत होते. तेवढीच गोळी थोड्या दिवसांनी पुरेनाशी होते, मग दीड, मग दोन. आईने शहाणपणाने एकदम बंद केली तर पोराला जुलाब लागतात, ते तळमळते, किंचाळते, आणि घाबरून ती पुन्हा चालू करते. सर्वांत वाईट म्हणजे अफू श्वास मंद करते. खोकल्याने बेजार झालेल्या पोराला रात्री थोडी जास्त गोळी दिली, सकाळी ते उठले नाही, असे घडले तर मरणाच्या नोंदीत अफूचे नाव कशाला येते? खोकला येतो, अशक्तपणा येतो.

सरकारला हे माहीत नव्हते असे नाही. १८९३ साली अफूच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला, लॉर्ड ब्रॅसी त्याचे अध्यक्ष. आयोग गावोगाव फिरला, शेकडो साक्षी झाल्या, मुलांना अफू देण्याचा विषयही निघाला. १८९५ साली अहवाल आला तो असा, की अफूबंदीची गरज नाही. खेड्यात डॉक्टर नाही, अफू हेच गरिबाचे औषध, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद पुढेही कित्येक वर्षे चालला. युक्तिवादात थोडे तथ्यही होते, डॉक्टर खरोखरच नव्हता. पण अफूचा मक्ता देऊन सरकारी तिजोरीत पैसा पडत होता, हेही तितकेच खरे.

मग हे थांबले कसे? व्याख्यानांनी थोडेच थांबले असते! १९३१ साली व्हिटले आयोगाने मजुरांच्या स्थितीवर अहवाल दिला. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने दिवस १० तासांचा केला, आणि ५० हून अधिक बाया असतील तिथे सहा वर्षांखालच्या पोरांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतांना दिला. १९४८ च्या कायद्याने हे पाळणाघर बंधनकारक झाले, १९७६ साली ५० चा आकडा ३० वर आला. तिकडे १९४९ मध्ये ठरले की औषधाखेरीजची अफू दरसाल कमी करीत दहा वर्षांत बंद करायची. १९५९ च्या मार्चअखेर ती दुकानातून गेली. पोराला ठेवायला जागा झाली आणि गोळी मिळेनाशी झाली. दोन्ही लागले. नुसती गोळी बंद केली असती आणि ११ तास तसेच ठेवले असते, तर त्या आयांनी दुसरे काहीतरी शोधले असते. मिठागरावर उन्हात डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बाईला मात्र कुठले पाळणाघर! तिचे पोर बांधावरच्या झोळीत.

इथवर झाले तान्ह्यांचे. आता थोड्या मोठ्या पोरांकडे वळू, आणि गुरुजी, हा भाग खास तुमचा.

प्रत्येक वर्गात एखादे पोर असते. जागेवर बसत नाही, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडते, विचार करायच्या आधी हात उचलते, आणि रात्री घरी बाराबारा वाजेपर्यंत झोपत नाही. आपण त्याला द्वाड म्हणतो आणि छडी शोधतो. लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी १९०२ साली व्याख्यानांतून सांगितले, की यातली काही मुले बुद्धीने चांगली असतात, आईबापांचे वळणही चांगले असते, तरी त्यांना स्वतःला आवरता येत नाही. आज याला अतिचंचलता म्हणतात. हा विकार आहे, खोडी नव्हे.

त्यावरचे औषध सापडले ते चुकून. अमेरिकेत ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर मुलांच्या एका रुग्णालयात काम करीत. तपासणीनंतर मुलांचे डोके फार दुखे, म्हणून त्यांनी बेंझेड्रीन देऊन पाहिले. डोकेदुखी काही थांबली नाही. पण काही मुले एकाएकी वर्गात नीट बसून गणिते सोडवू लागली! १९३७ साली त्यांनी ३० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा अभ्यास एकदम सुधारला होता. मुलेच त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. गंमत पाहा, हे औषध मोठ्या माणसाला तरतरीत करून जागे ठेवणारे, आणि या मुलांना ते शांत करते. अफूने पोराला झोपवून गप्प केले, याने जागे ठेवून स्थिर केले. दोन्हींकडे पोर शांत दिसते, पण फरक जमीनअस्मानाचा. पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये पानिझ्झॉन या रसायनशास्त्रज्ञाने मिथाइलफेनिडेट तयार केले आणि आपल्या बायकोच्या, रीटाच्या, नावावरून त्याला रिटालिन हे नाव दिले. आज या विकारात मुख्यतः हेच वापरतात.

आता आईबापांची कसरत ऐका. या औषधाची साधी गोळी साधारण चार तास पुरते. सकाळी दिली तर शाळा निभावते. संध्याकाळी उशिरा दिली तर रात्रीची झोप उडते. भूक कमी होते, म्हणून पोराला आधी पोटभर खाऊ घालून मग गोळी द्यावी लागते, आणि वजन, उंची, नाडी नि रक्तदाब अधूनमधून तपासावा लागतो. झोप उडाली की दुसऱ्या दिवशी पोर आणखी चिडते, आणखी उतावळे होते, आणि मग घरच्यांना वाटते की गोळी वाढवावी किंवा रात्री झोपेचे काहीतरी द्यावे. हा फेरा ओळखून ठेवा. कधीकधी मूळ दुखणे झोपेचेच असते. टॉन्सिल वाढून रात्रभर घोरणारे पोर, अंगात लोह कमी पडून पाय झाडणारे पोर दिवसा अगदी अतिचंचल दिसते. म्हणून चांगले डॉक्टर आधी झोपेचे विचारतात. सहा वर्षांच्या आत तर औषधाआधी आईबापांनाच पोर हाताळायचे शिक्षण देतात.

झोपेसाठी घरोघर एक बाटली मात्र अजूनही निघते. प्रोमेथाझीन, बाजारातले नाव फेनरगन. औषध आहे ॲलर्जीचे, पण गुंगी येते म्हणून प्रवासात पोरांना पाजतात. दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास त्याने बंद पडू शकतो, म्हणून अमेरिकेत २००४ साली त्याच्या वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. चमचा घरातला, माप अंदाजाचे, आणि पोर निजले की घरात समाधान. बाळगोळीची आठवण होते की नाही?

मिथाइलफेनिडेटचे तसे होऊ नये अशी आपल्या कायद्याने तजवीज केली आहे. ते शेड्यूल एक्समध्ये आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी दोन प्रतींत लिहायची, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची, औषध कुलपात ठेवायचे. यामुळे गैरवापराला आळा बसतो, पण दर गावच्या दुकानात ते मिळत नाही, आणि गोळ्या संपत आल्या की बापाला कामावरची रजा काढून शहर गाठावे लागते. रजा मिळाली नाही तर गोळी चुकते. म्हणून काही घरे शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी आपल्याच मनाने गोळी वाचवतात. सुट्टीच्या दिवशी गोळी न देणे कधीकधी डॉक्टरही सांगतात, पण ते त्यांनी सांगायचे.

ज्यांना हे पोर कुठे दाखवावे तेच कळत नाही, त्यांच्यासाठी एक वाट आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, आणि ते तपासते त्या तीस दुखण्यांत अतिचंचलता आहे. गुरुजी, पथक येईल त्या दिवशी त्या द्वाड पोराला मैदानात पिटाळू नका. त्याला रांगेत उभे करा, आणि ते रात्री किती वाजता झोपते ते आदल्या दिवशी त्याच्या आईला विचारून कागदावर लिहून ठेवा.