दोन म्हणजे किती?

हृदयाची झडप बदललेल्या किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेल्या माणसाच्या घरी तारखा आणि आकडे लिहिलेली एक वही बहुधा सापडतेच. ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचे, आलेला आकडा वहीत लिहायचा, डॉक्टरांना दाखवायचा आणि ते सांगतील तशी गोळी वाढवायची किंवा कमी करायची. हा आकडा बहुतेक रुग्णांमध्ये दोन आणि तीनच्या दरम्यान असावा लागतो. काही कृत्रिम झडपांसाठी थोडा वर. फार खाली राहिला तर गुठळी होण्याची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. गोळीचे नाव वॉर्फरीन, किंवा आपल्याकडे बरेचदा तिचेच भावंड असलेले असिनोकुमारॉल. आकड्याला म्हणतात ‘आय.एन.आर.’.

गोळीच्या शोधाची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, कारण तिच्यात हिमवादळ आहे, मेलेली कालवड आहे आणि उंदीरही आहेत. आकड्याची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. पण तिथे पोचायचे तर सुरुवात गाईगुरांपासूनच करायला हवी.

कुजका चारा

१९२० नंतरच्या काही वर्षांत कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर डाकोटा राज्यात गुरे विचित्र रीतीने मरू लागली. शिंगे कापली किंवा गोऱ्ह्याचे खच्चीकरण केले की जखमेतून वाहणारे रक्त थांबतच नसे. नोंदलेल्या एका प्रसंगात २२ गायींची शिंगे कापली, त्यांतल्या २१ दगावल्या. काही जनावरे तर कसलीही जखम नसताना आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत.

ओंटारिओच्या पशुवैद्यक महाविद्यालयातले फ्रँक स्कोफिल्ड यांनी या प्रकाराचा छडा लावला. (हे गृहस्थ त्याआधी कोरियात शिकवत होते. १९१९ च्या तिथल्या स्वातंत्र्य चळवळीला त्यांनी इतकी साथ दिली, की आज त्यांची समाधी सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत आहे.) साथीचा रोग असावा असा लोकांचा समज होता. पण स्कोफिल्ड यांचे लक्ष चाऱ्याकडे गेले. या गुरांना ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचे, मेथी आणि लसूणघासाच्या कुळातले गवत वाळवून घातले जात होते. हलक्या जमिनीतही ते येते, म्हणून शेतकऱ्यांना ते परवडे. पण ओल्या हंगामात ते नीट वाळत नसे आणि त्याला बुरशी येई.

स्कोफिल्ड यांचा प्रयोग वर्गात सांगण्यासारखा आहे. त्यांनी एकाच गंजीतून गवत घेतले आणि त्यातल्या चांगल्या काड्या वेगळ्या, खराब काड्या वेगळ्या केल्या. एका सशाला चांगल्या काड्या घातल्या, दुसऱ्याला खराब. पहिला जगला, दुसरा रक्तस्रावाने मेला. गंजी एकच, शेत एकच, गवताची जातही एकच. फरक होता तो फक्त बुरशीचा. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे यापेक्षा कमी खर्चात दाखवता येईल असे वाटत नाही. पुढे उत्तर डाकोटात ली रॉडरिक यांनी दाखवले, की या गुरांच्या रक्तात गुठळी होण्यासाठी लागणारे प्रोथ्रॉम्बिन हे प्रथिन फार कमी झालेले असते. उपाय दोनच होते: चारा बदला आणि निरोगी जनावराचे रक्त द्या.

पण चारा बदलणे मंदीच्या काळात सोपे नव्हते. फेब्रुवारी १९३३ मधल्या एका शनिवारी विस्कॉन्सिनमधले एड कार्लसन नावाचे शेतकरी भर हिमवादळात सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आले. गाडीत मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची किटली आणि पन्नासेक किलो खराब गवत. सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती. जीवरसायनशास्त्राच्या इमारतीत त्यांना कार्ल पॉल लिंक भेटले. लिंक यांच्याजवळ त्या दिवशी देण्यासारखे काही नव्हते. जुनेच दोन उपाय त्यांनी सांगितले आणि कार्लसन रिकाम्या हाताने परतले. किटलीतले रक्त मात्र प्रयोगशाळेत राहिले.

त्यानंतर सहा वर्षे गेली. जून १९३९ मध्ये लिंक यांचे सहकारी हॅरोल्ड कॅम्पबेल यांना त्या विषाचे शुद्ध स्फटिक मिळाले, तेही अवघे सहा मिलिग्रॅम. पुढच्या वर्षी त्याची रचना कळली आणि ते प्रयोगशाळेत तयारही करता आले. नव्या कापलेल्या गवताला जो गोडसर वास येतो त्यात कुमारिन नावाच्या संयुगाचा मोठा वाटा असतो. कुमारिन स्वतः रक्त गोठणे थांबवत नाही. बुरशी त्याच्यात बदल करते आणि बदललेले दोन रेणू एकमेकांना जोडले जाऊन डायकुमारॉल तयार होते. गुरांना मारणारे विष ते हेच.

उतारा कोंबडीच्या पिलांकडून

याच सुमारास, या गवताशी काहीही संबंध नसलेले एक काम कोपनहेगनमध्ये चालले होते. स्निग्ध पदार्थ काढून टाकलेल्या खाद्यावर वाढवलेल्या कोंबडीच्या पिलांना रक्तस्राव होतो असे हेन्रिक डाम यांना दिसले. त्यातून १९३५ मध्ये एका नव्या जीवनसत्त्वाचे नाव पुढे आले. डॅनिश आणि जर्मन भाषांत गोठण्याच्या शब्दाचे पहिले अक्षर ‘के’, म्हणून ते जीवनसत्त्व ‘के’. लिंक यांच्या गटाने दाखवले, की डायकुमारॉलचा परिणाम हे जीवनसत्त्व देऊन उलटवता येतो. विषाला उतारा मिळाला, आणि ज्याला उतारा आहे ते विष औषध म्हणून वापरण्याचा विचार करता येतो.

हे घडते कसे, ते पुष्कळ नंतर, १९७० च्या दशकात उलगडले. यकृत प्रोथ्रॉम्बिन आणि त्याच्यासारखी इतर काही प्रथिने बनवते. या प्रथिनांना कॅल्शियम पकडून ठेवण्याची जागा शेवटच्या टप्प्यात बसवली जाते, आणि त्या कामी जीवनसत्त्व ‘के’ खर्च होते. एक विकर ते खर्च झालेले जीवनसत्त्व पुन्हा कामायोग्य करते. वॉर्फरीन या विकराला अडवते. मग यकृत प्रथिने बनवत राहते, पण कडी-कोयंडा न बसवलेल्या दारासारखी. दार आहे, लावता मात्र येत नाही.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नाव चुकीचे आहे. रक्ताचा दाटपणा जराही बदलत नाही. दुसरे असे, की आधी तयार झालेली चांगली प्रथिने रक्तात असतातच. ती संपायला वेळ लागतो: एकाला काही तास, प्रोथ्रॉम्बिनला दोन-तीन दिवस. म्हणून आज घेतलेल्या गोळीचा पुरता परिणाम आज दिसत नाही, आणि ताज्या गुठळीवर उपचार करताना सुरुवातीचे दिवस हेपॅरिनसारखे लगेच काम करणारे इंजेक्शनही द्यावे लागते.

१९४१ पासून डायकुमारॉल रुग्णांना देऊन पाहिले जाऊ लागले. लिंक मात्र १९४५ मध्ये क्षयाने आजारी पडले आणि आरोग्यधामात पडल्या पडल्या उंदरांच्या बंदोबस्ताविषयी वाचू लागले. सावकाश मारणारे विष उंदरांसाठी उत्तम, कारण आमिष आणि मरण यांचा संबंध त्यांना लागत नाही. त्यांच्या गटाने बनवलेल्या संयुगांच्या यादीतले ४२ क्रमांकाचे संयुग या कामाला सर्वांत योग्य ठरले. संशोधनाचा पैसा आणि पेटंट सांभाळणाऱ्या ‘विस्कॉन्सिन अ‍ॅलम्नाय रिसर्च फाउंडेशन’ची आद्याक्षरे घेऊन त्याचे नाव वॉर्फरीन पडले आणि १९४८ मध्ये ते उंदराचे औषध म्हणून बाजारात आले. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एकाने आत्महत्येसाठी ते अनेक दिवस खाल्ले, पण जीवनसत्त्व ‘के’ आणि रक्त देऊन तो पूर्ण बरा झाला. त्यामुळे डॉक्टरांचे लक्ष डायकुमारॉलकडून याच्याकडे वळले. १९५४ मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली आणि १९५५ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांना हेच औषध दिले गेले. उंदराचे विष राष्ट्राध्यक्षाला चालले म्हटल्यावर इतरांची भीडही चेपली.

सशाचा मेंदू, माणसाचा मेंदू

आता आकड्याकडे वळू. हे औषध कोणाला किती लागेल हे वजनावरून सांगता येत नाही. एकाला दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम पुरते, दुसऱ्याला दहाही कमी पडतात. म्हणजे परिणाम मोजूनच मात्रा ठरवायची. मोजण्याची पद्धत आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्येच दिली होती. रक्त काढताना कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन मिसळायचे, म्हणजे ते गोठत नाही. त्याच्या वरचा रक्तद्रव घ्यायचा, त्यात थ्रॉम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम घालायचे आणि गुठळी दिसेपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजायचा. निरोगी माणसाचा वेळ साधारण १२ सेकंद येतो. रुग्णाचा २४ आला तर गुणोत्तर दोन.

मेख आहे ती थ्रॉम्बोप्लास्टिनमध्ये. ते प्राण्यांच्या ऊतींपासून काढत. ब्रिटनमध्ये मँचेस्टरला लिऑन पोलर यांच्या प्रयोगशाळेने माणसाच्या मेंदूपासून बनवलेला अभिकारक देशभर पुरवला. अमेरिकेत सशाच्या मेंदूपासून केलेले बाजारी अभिकारक चालत, आणि ते बरेच कमी संवेदनशील होते. म्हणजे एकच रक्त ब्रिटिश अभिकारकाने तपासले तर वेळ खूप लांबलेला दिसे, अमेरिकी अभिकारकाने थोडासाच. आणि पुस्तके सांगत, गुणोत्तर दोन ते अडीच ठेवा. अमेरिकी डॉक्टर ते गाठण्यासाठी गोळ्या वाढवत राहत. त्यांचे काही चुकत नव्हते. पुस्तकाप्रमाणेच चालले होते. रुग्णांना मात्र रक्तस्राव होई, आणि तो औषधाचाच दोष मानला जाई.

१९८२ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टन इथल्या रसेल हल आणि सहकाऱ्यांनी पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या ९६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची मात्रा नेहमीच्या सशाच्या अभिकारकावर ठरवली, दुसऱ्याची मँचेस्टरच्या अभिकारकावर. पुन्हा गुठळी होण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, २ टक्के, निघाले. रक्तस्राव मात्र पहिल्या गटात ४९ पैकी ११ जणांना झाला आणि दुसऱ्या गटात ४७ पैकी दोघांना. जास्त औषधाने जास्त संरक्षण मिळत नव्हते, फक्त रक्त जात होते.

याच्यावरचा तोडगा गणिताने दिला. तीच रक्ते दोन अभिकारकांनी तपासली आणि दोन्ही वेळांचे लॉगॅरिदम आलेखावर मांडले, तर बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. त्या रेषेचा चढ म्हणजे त्या अभिकारकाचा संवेदनशीलतेचा निर्देशांक, आय.एस.आय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ प्रमाण अभिकारकाचा निर्देशांक एक धरायचा. मग कोणत्याही अभिकारकाने काढलेल्या गुणोत्तराचा घातांक म्हणून त्याचा निर्देशांक लावला, की जगभर तुलना करता येईल असा आकडा मिळतो. हाच आय.एन.आर., १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेला.

हे गणित मुलांकडून जरूर करवून घ्यावे. गुणोत्तर २ आहे आणि निर्देशांक १, तर आय.एन.आर. २. गुणोत्तर तेच २, पण निर्देशांक २.४, तर २ चा २.४ वा घात, म्हणजे जवळजवळ ५.३. पहिला रुग्ण सुरक्षित, दुसऱ्याचा जीव धोक्यात, आणि दोघांच्याही कागदावर ‘दोन’. उलटही करून पाहावे: २.४ निर्देशांकाच्या अभिकारकावर आय.एन.आर. अडीच हवा असेल तर वेळ १२ वरून फक्त साडेसतरा सेकंदांवर न्यायचा आहे. घातांक शिकून उपयोग काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला याहून नेमके उत्तर मला तरी सुचलेले नाही.

वहीबरोबर पाळायचे

मोजमाप सुधारले तरी रोजच्या जगण्यात काळजी उरतेच. पालक, मेथी, कोबी यांत जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असते. त्या भाज्या बंद करण्याची गरज नाही. खाण्याचे प्रमाण आठवड्यामागून आठवडा सारखे ठेवावे, म्हणजे मात्रा त्याला जुळवून घेता येते. महिनाभर पालेभाजी टाळून मग एकदम रोज खाल्ली तर आकडा हलणारच. अ‍ॅस्पिरिन, अंगदुखीच्या गोळ्या, मेट्रोनिडॅझोलसारखी जंतुनाशके, वैद्याचे चूर्ण किंवा काढा यांतले काहीही विचारल्याशिवाय घेऊ नये. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी आणि एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा किंवा डोक्याला मार लागल्यास थेट रुग्णालय गाठावे. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला गोळीविषयी सांगावे. दिवस राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण हे औषध गर्भाला अपाय करू शकते.

२०१० च्या सुमारास आलेल्या नव्या औषधांना ही नियमित तपासणी लागत नाही, आणि अनेक रुग्णांसाठी ती आता पहिली निवड आहेत. पण धातू-कार्बनच्या कृत्रिम झडपेवर ती चालत नाहीत. तशी एक चाचणी २०१२ मध्ये मध्येच थांबवावी लागली. संधिवाताच्या तापामुळे झडप अरुंद झालेल्या आणि नाडी अनियमित असलेल्या रुग्णांवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही जुनीच गोळी सरस ठरली. असे रुग्ण आपल्या देशात पुष्कळ आहेत.

आणि उंदीर? १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये वॉर्फरीन पचवणारे उंदीर सापडले. २००४ मध्ये दोन संशोधक गटांनी ते अडवले जाणारे विकर बनवणारा जनुक शोधला, तेव्हा या उंदरांच्या चिवटपणाचे मूळ त्यातच असल्याचे कळले. माणसामाणसांतल्या मात्रेच्या फरकाचा मोठा वाटाही याच जनुकाकडे जातो. जनुक तपासून पहिल्या मात्रेचा अंदाज बांधता येतो. तरी सुरुवातीच्या काही दिवसांतच रक्त काढून आकडा पाहावा लागतो, आणि मग गोळी पाव वाढवायची की कमी करायची ते ठरते.