लॅपटॉपमधून तबकडी का गेली?

शाळेच्या कपाटात एखाद्या विज्ञानपटाची डीव्हीडी सापडते. वर्गाला दाखवावी म्हणून आपण नवा लॅपटॉप उघडतो, तर तबकडी घालायला त्यात जागाच नसते. तबकडी शाबूत आहे. मग बिघडले काय? उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

१९८२ साली फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांची सीडी बाजारात आली. तबकडीवर सर्पिलाकार रेषेत सूक्ष्म खाचा असतात. लेसरचा प्रकाश कसा परावर्तित होतो, यावरून त्या वाचल्या जातात. खाचा जितक्या लहान तितकी माहिती अधिक मावते. पण लहान खाच वाचायला प्रकाशाचा ठिपकाही लहान हवा, म्हणजे तरंगलांबी कमी हवी. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर होता. १९९६ मध्ये आलेल्या डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल, तर २००६ मधल्या ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा लेसर आला. भिंगेही सुधारली. व्यास तोच राहिला, १२ सेंटिमीटर. पण एका थराची क्षमता सुमारे ०.७ गिगाबाइटवरून ४.७ आणि पुढे २५ गिगाबाइट झाली.

तेव्हा तबकडी मागे पडली ती भौतिकशास्त्र थकले म्हणून नव्हे. एक कारण जाडीचे. लॅपटॉपमधला ड्राइव्ह साधारणपणे १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर जाड असे. २००८ साली अ‍ॅपलने पातळ मॅकबुक एअरमधून तो वगळला आणि हळूहळू इतरांनीही तोच मार्ग धरला. दुसरे कारण परवान्यांचे. डीव्हीडीवरील चित्रे उलगडण्याच्या तंत्रावर पेटंटे होती. मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज ८ मधून डीव्हीडी-चित्रपट दाखवण्याची अंगभूत सोय काढली, त्यामागे हा खर्चही होता. तिसरे कारण कुलपांचे. ४के ब्लू-रे अधिकृतपणे पाहायला इंटेलच्या प्रोसेसरमधील एसजीएक्स ही सुरक्षा-सोय लागे. ११व्या पिढीपासून इंटेलने ती घरगुती संगणकांतून काढायला सुरुवात केली. मग ड्राइव्ह आणि तबकडी दोन्ही असूनही नव्या संगणकावर चित्रपट दिसेना!

मग प्रत्येक लॅपटॉपच्या पोटात ड्राइव्ह हवाच का? माझ्या मते नको. यूएसबीने जोडायचा एक ड्राइव्ह शाळेला पुरतो, आणि डीव्हीडीसाठी व्हीएलसीसारखे मोफत सॉफ्टवेअर आहे. मात्र तबकडी वाचून दाखवण्याची क्षमता संगणकात राहायलाच हवी. इंटरनेटवरचा चित्रपट दुसऱ्याच्या संगणकावर असतो. त्याने तो काढला की आपल्या हाती काही उरत नाही. तबकडी आपल्या कपाटात राहते आणि इंटरनेट बंद असले तरी चालते.

शाळेतल्या जुन्या तबकड्या एकदा बाहेर काढा. जी चालत नाही, ती खरेच खराब झाली आहे की तिला वाचणारे यंत्रच उरलेले नाही, हे विद्यार्थ्यांना शोधू द्या.