जमिनीखालचा नकाशा : उच्छ्वासापासून उपग्रहापर्यंत

आजचा विषय वाचून काही जणांनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानात हे पाइप आणि केबल शोधायचं यंत्र कुठून आलं? शंका रास्त आहे. पण हे यंत्र निवडताना आज अभियंत्यांना जे प्रश्न पडतात, ते जुनेच आहेत. ते कुठून आले, हे आज आपण पाहू.

सुरुवात पुण्यापासून करू. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातलं पाणी भुयारी नळाने शहरात आणलं गेलं, थेट शनिवारवाड्यापर्यंत. या नळावर ठरावीक अंतराने उच्छ्वास बांधले होते. ते होते हवेसाठी आणि देखभालीसाठी. पण त्यांनी आणखी एक काम केलं. खालून पाणी कुठून वाहतंय, हे वर उभ्या असलेल्या माणसाला उच्छ्वास बघून कळत होतं. म्हणजे नकाशा जमिनीवरच उभा होता.

एकोणिसाव्या शतकात लोखंडी नळ आले. मुंबईला 1860 साली विहार तलावाचं पाणी मिळालं. त्यानंतर गॅस आला, वीज आली, टेलिफोन आला आणि आपल्या डोळ्यांदेखत ऑप्टिकल फायबर आली. यातल्या कशालाच उच्छ्वास नव्हते. मग नोंद कशी ठेवायची? तर अमुक इमारतीच्या कोपऱ्यापासून इतके फूट, अमुक खांबापासून इतके. माप अचूक असायचं, पण ते घेतलेलं असायचं कशापासून तरी. रस्ता रुंद झाला, खांब हलला, इमारत पडली, की कागदावरचा आकडा तसाच राहायचा आणि त्याचा अर्थ मात्र निघून जायचा.

मग उरायचा माणूस. मुंबईत व्हॉल्व्ह उघडणारे चावीवाले असतात. कुठली लाइन कुठे वळते, हे त्यांना पाठ असतं. असं ज्ञान फार मोलाचं, पण ते माणसाबरोबरच निवृत्त होतं.

हे ज्ञान हरवलं की काय होतं? 1976 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत रस्त्याच्या कामात खोदयंत्र पेट्रोलच्या वाहिनीवर आदळलं, आग लागली, माणसं गेली. वीज लाल, गॅस पिवळा, पाणी निळं, सांडपाणी हिरवं अशा रंगखुणा आज रस्त्यावर दिसतात, त्यांच्या प्रसारामागे हा अपघात आहे. 30 जुलै 2004 रोजी बेल्जियममध्ये गिलेंगिएन इथे गॅसवाहिनीचा स्फोट झाला, त्यात 24 माणसं मेली. बांधकामाच्या वेळी वाहिनीला आधीच इजा झाली होती. आपल्याकडे खोदण्याआधी चौकशी करायची सोय देणारं सरकारी ॲप आलं मार्च 2023 मध्ये. पण चौकशी केल्यावर समोरच्या खात्याकडे खरा नकाशा तर हवा ना!

आता यंत्राकडे वळू. 1881 साली राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे आहे हे शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं विद्युत उपकरण घेऊन गेला. उपकरण वाजलं, पण गोळी सापडली नाही. घोटाळ्याचं एक कारण होतं पलंगातल्या लोखंडी स्प्रिंगा. धडा तिथेच आहे : यंत्र वाजलं याचा अर्थ आपल्याला हवी तीच वस्तू सापडली, असा होत नाही. पुढे 1930 च्या दशकात गेरहार्ड फिशरने जमिनीतला धातू शोधणारं यंत्र बनवलं, 1937 साली त्याचं पेटंट मिळालं.

आजचा लोकेटरही पाइप 'बघत' नाही. धातूच्या लाइनमधून वीजप्रवाह गेला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. लोकेटर ते क्षेत्र पकडतो आणि एकावर एक बसवलेल्या दोन अँटेनांच्या फरकावरून खोली काढतो. शेजारी दुसरी केबल असेल तर प्रवाह तिच्यात उतरतो आणि खूण भलतीकडेच पडते. म्हणजे बेलच्या स्प्रिंगा अजून आहेतच.

यात उपग्रह कधी आला? 2 मे 2000 पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत होती, त्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत हुकायचं. ती चूक काढली आणि जीपीएस घराघरांत गेला. मग लोकेटरच्या पोटातच रिसीव्हर बसवायला लागले. यातली ऐतिहासिक गोष्ट काय? माप आता खांबापासून राहिलं नाही, ते अक्षांश-रेखांशांत आलं. खांब हलला तरी बिंदू हलत नाही.

म्हणून निवड करताना पहिला प्रश्न : आतला जीपीएस कोणत्या जातीचा आहे? साधा असेल तर मोकळ्या जागीही काही मीटर इकडे-तिकडे होतो. आपल्या रस्त्याच्या कडेला तीन मीटरांत पाच लाइनी असतात. अशा यंत्राने गल्ली कळेल, पण लाइन कळणार नाही. नकाशा करायचा तर आरटीके हवं, म्हणजे ज्ञात जागेवरच्या स्थानकाकडून दुरुस्ती घेऊन काही सेंटिमीटरांवर येणारं. सर्व्हे ऑफ इंडियाने अशा स्थानकांचं जाळं उभारलंय, त्यात महाराष्ट्रही आहे. तेव्हा यंत्र त्या जाळ्याला जोडता येतं का, हे घेण्याआधी विचारा. उंच इमारतींच्या गल्लीत सिग्नल भिंतींवरून उसळतो, तिथे आरटीकेही फसतं. तिथे टोटल स्टेशनला पर्याय नाही.

दुसरा प्रश्न उंचीचा. उपग्रह उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून. आपल्याकडे समुद्रसपाटी त्या आकाराच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे. म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर यंत्र उणे साठच्या पुढचा आकडा दाखवतं. नवखा माणूस म्हणतो, यंत्र बिघडलं. ते बिघडलेलं नसतं. उंची कशापासून मोजली, हे नोंदीत लिहिलेलं नसतं, इतकंच. पुन्हा तोच जुना खांबाचा घोळ!

तिसरा प्रश्न : यंत्र प्रत्येक बिंदूबरोबर काय साठवतं? खोली, फ्रिक्वेन्सी, प्रवाह आणि वेळ हे सगळं हवं. त्यावरून वीस वर्षांनी कुणीतरी ठरवू शकेल, की ही खूण विश्वासाची होती की शंकेची. आणि प्लास्टिकच्या नळाला सोबत तार टाकलेली नसेल, तर हा लोकेटर तिथे मुकाच राहणार. जमिनीत रडार सोडायचं म्हटलं, तर आपल्या ओल्या काळ्या मातीत ते लवकर दमतं.

शेवटी आम्हाला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते सांगतो. अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने 2002 साली एक मानक काढलं. त्यात माहितीचे चार दर्जे आहेत. नुसता जुना कागद असेल तर 'डी'. वर दिसणारी झाकणं मोजली तर 'सी'. यंत्राने शोधलं तर 'बी'. आणि खड्डा घेऊन प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं तरच 'ए'. यंत्र कितीही महाग असो, 'बी'च्या पुढे ते जात नाही. बिंदूची जागा दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक असू शकते आणि तरी तो बिंदू शेजारच्या केबलचा असू शकतो. जुन्या कागदावर लोक संशय तरी घ्यायचे. स्क्रीनवरच्या रेघेवर कुणी घेत नाही, आणि खोदणाऱ्या मजुराचा जीव त्या रेघेवर असतो.

तेव्हा यंत्र घ्या, चांगलं घ्या. पण रेघेशेजारी तिचा दर्जा लिहा. आणि तुमच्या भागातला जुना चावीवाला निवृत्त होण्याआधी त्याच्याबरोबर एकदा रस्त्याने फिरा, लोकेटर हातात घेऊन. त्याला जे पाठ आहे, त्याला अक्षांश-रेखांश मिळू द्या.

आता प्रश्न असतील तर घेऊ.