कामाइताची नो योरु

चुनसॉफ्ट या जपानी कंपनीने निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम यंत्रासाठी नोव्हेंबर १९९४ मध्ये काढलेला, वाचत खेळायचा रहस्यखेळ. नावाचा अर्थ ‘कामाइताचीची रात्र’. वाऱ्यावर स्वार होऊन विळ्यासारख्या नखांनी कातडी चिरून जाणाऱ्या लोककथेतल्या प्राण्याला जपानीत कामाइताची म्हणतात. कथालेखन रहस्यकथाकार ताकेमारु आबिको यांचे. ‘ओतोगिरिसो’नंतरचा (१९९२) हा कंपनीचा दुसरा ‘साउंड नॉव्हेल’, म्हणजे आवाजाच्या साथीने वाचायची खेळ-कादंबरी. व्हिज्युअल नॉव्हेल हा चित्रांसह वाचायच्या खेळांचा प्रकार घडवण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

तोरु हा कॉलेजातला मुलगा मारी या मैत्रिणीबरोबर स्कीइंगसाठी तिच्या काकांच्या डोंगरातल्या लॉजवर येतो. बाहेर बर्फाचे वादळ सुरू होते. रात्री वरच्या मजल्यावर काच फुटल्याचा आवाज येतो आणि एका खोलीत तुकडे केलेले प्रेत सापडते. पुढे काय करायचे ते वाचक दिलेल्या पर्यायांतून ठरवतो.

या खेळाचे खरे बळ उशीर केल्यास मोजाव्या लागणाऱ्या किमतीत आहे. पहिल्या खुनानंतर लगेच खुनी ओळखता येतो, आणि त्यासाठी लागणारे सगळे दुवे तोवर वाचकासमोर येऊन गेलेले असतात. मोक्याच्या जागी खुन्याचे नाव पर्यायांतून निवडायचे नसते, ते एकेक अक्षर जोडून स्वतः लिहावे लागते. त्यामुळे अंदाजपंचे काम भागत नाही. चुकले तर खेळ संपत नाही. माणसे एकेक करून मरतात आणि उरलेले एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. एका शेवटात घाबरलेली मारी तोरुलाच खुनी समजून स्कीच्या काठीने भोसकते. तिला भीती वाटू दिली ती आपणच, हे त्या क्षणी उमगते आणि पुस्तकातल्या रहस्यकथेत न येणारी अपराधी भावना मनात राहते. चित्रणही तसेच नेमके आहे. मागे छायाचित्रांवरून केलेल्या खोल्या आणि त्यांत माणसांच्या नुसत्या निळसर, चेहरा नसलेल्या छायाकृती, त्यामुळे कुणाच्याच तोंडावरून काही कळत नाही.

उणिवाही याच रचनेतून येतात. सुरुवातीचा दुवा निसटला की कोडे मागे पडते आणि उरते ती भीती. दुसऱ्या शेवटासाठी तोच मजकूर पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. कथेचे फाटे दाखवणारा नकाशा १९९८ च्या प्लेस्टेशन आवृत्तीत आला, तो आधीच हवा होता. मूळ रहस्य सुटल्यावर उघडणाऱ्या हेरकथेसारख्या शाखा गमतीच्या आहेत, पण तीच माणसे तिथे वेगळीच निघतात आणि मूळ कथेची घट्ट वीण सैल होते. पाहुण्यांपैकी ऑफिसात काम करणाऱ्या तिघी तरुणी शेवटपर्यंत पुसटच राहतात.

२०१४ मध्ये मोबाइलसाठी आलेल्या इंग्रजी आवृत्तीने घटना कॅनडात नेली आणि पात्रांची नावे बदलली. कोडे शाबूत राहिले, पण पाहुण्यांपैकी एक असलेल्या ओसाकाच्या उद्योजकाची ठसकेबाज कान्साई बोली त्यात हरवली.