खैरलांजी ते ताहरीर : संदेशमाध्यमे आणि निषेधाचे राजकारण

डिसेंबर २०१० मध्ये ट्युनिशियात सुरू झालेल्या आणि पुढे इजिप्त, लिबिया, सीरिया आदी देशांत पसरलेल्या उठावांना ‘फेसबुक क्रांती’ असे संबोधण्याची प्रथा पडली. या संज्ञेची चिकित्सा करण्यास कैरोपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. नागझिऱ्याच्या अरण्यापासून पश्चिमेस, भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. (१९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता.) या घटनेनंतरच्या निषेधाचा इतिहास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

कुटुंबातील मायलेकींनी एका मारहाण प्रकरणात आरोपींविरुद्ध साक्ष दिली होती. त्या प्रकरणातील आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच सायंकाळी हे हत्याकांड घडले. केवळ भैयालाल भोतमांगे बचावले. यानंतर तिसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबर रोजी, धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमला होता. तरीही तेथे असंतोषाचा उद्रेक झाला नाही. प्रारंभीच्या काही वृत्तांत घटनेला अनैतिक संबंधांचा रंग देण्यात आला होता. तिचे जातीय स्वरूप सर्वदूर पोहोचण्यास सुमारे एक महिना लागला. प्रस्तुत लेखकास हा मौनाचा महिनाच सर्वाधिक अभ्यसनीय वाटतो.

हे मौन प्रथम सत्यशोधन अहवाल, हस्तपत्रके, मोबाइलवरील लघुसंदेश, ई-मेल आणि ब्लॉग यांनी भेदले. मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली. फेसबुक सर्वसामान्यांसाठी खुले झाले ते २६ सप्टेंबर २००६ रोजी, म्हणजे हत्याकांडाच्या अवघे तीन दिवस आधी. विदर्भातील वस्त्यांत ते तेव्हा पोहोचलेले नव्हते. तरीही नोव्हेंबरमध्ये भंडारा, नागपूर, अमरावती येथे प्रस्थापित रिपब्लिकन नेतृत्वाची वाट न पाहता लोक रस्त्यावर उतरले. अमरावतीत पोलीस गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची शंका व्यक्त केली. निषेध बाहेरच्यांनी चिथावलेला आहे असे म्हणणे राज्यसत्तेस सर्वत्र सोयीचे असते. कैरोतही २०११ मध्ये हेच ऐकू आले.

इजिप्तमधील प्रसंगाशी असलेले साम्य येथे लक्षात घ्यावे लागते. जून २०१० मध्ये अलेक्झांड्रिया येथे पोलिसांच्या मारहाणीत खालिद सईद हा तरुण मृत्युमुखी पडला. त्याच्या विद्रूप चेहऱ्याचे छायाचित्र प्रसृत झाले आणि त्याच्या नावाने निघालेले फेसबुक पान निषेधाचे केंद्र बनले. तथापि २८ जानेवारी २०११ रोजी सरकारने इंटरनेट खंडित केले असता ताहरीर चौकातील गर्दी ओसरली नाही, उलट वाढली. मशिदी, मोहल्ले आणि २००८ च्या महल्ला येथील कापडगिरणी कामगारांच्या संघर्षातून आलेले कार्यकर्ते यांचे जाळे आधीपासून सिद्ध होते. ट्युनिशियात हेच कार्य कामगार महासंघाच्या स्थानिक शाखांनी केले. विदर्भात बुद्धविहारे, वस्त्यांतील मंडळे व कर्मचारी संघटना यांनी ते केले. माध्यमाने वार्तेचा प्रवास शीघ्र केला. माणसे एकत्र आणणारी वीण मात्र जुनीच होती.

निषेधाचे संस्थात्मक परिवर्तनात रूपांतर होणे हा सर्वस्वी निराळा प्रश्न होय. इजिप्तमध्ये जुलै २०१३ मध्ये लष्कराने निर्वाचित अध्यक्षांस पदच्युत केले. ट्युनिशियाने २०१४ मध्ये नवे संविधान स्वीकारले. पण जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी संसद स्थगित केली. खैरलांजीच्या बाबतीत रस्त्यावरील दबावानंतर तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशीची शिक्षा दिली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात परिवर्तित केली. मात्र ज्या जातीय स्वरूपासाठी लोक रस्त्यावर आले होते, ते न्यायालयात टिकले नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली कोणासही दोषी धरण्यात आले नाही. भैयालाल भोतमांगे यांचे जानेवारी २०१७ मध्ये निधन झाले.