‘ओके’ म्हणजे नेमके काय?



आज ज्या शब्दाविषयी मी बोलणार आहे तो तुम्ही सकाळपासून एकदा तरी ऐकला असेल, कदाचित स्वतः म्हटलाही असेल. मोबाईलवर बोलणारा मुलगा “ओके, ओके” म्हणत बोलणं आटोपतं घेतो. दुकानदार माल मोजून झाला की “ओके” म्हणतो. ट्रकच्या पाठीवर तर ‘हॉर्न ओके प्लीज’ ही रंगीत अक्षरं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. ती वाचून मागचा गाडीवान विनाकारण भोंगा वाजवतो, म्हणून २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ती लिहिण्यास मनाई केली. ट्रकवरची अक्षरं पुसता येतात, जिभेवरचा शब्द कसा पुसणार? तो राहिलाच.

हा शब्द इंग्रजी खरा, पण तो इंग्लंडातल्या पंडितांनी घडवलेला नाही. त्याचा जन्म अमेरिकेत झाला, आणि तोही थट्टेतून.

इ. स. १८३८-३९ च्या सुमारास बोस्टन शहरातल्या वर्तमानपत्रांना एक खूळ लागलं होतं. शब्दांची नुसती आद्याक्षरं लिहायची, आणि तीही मुद्दाम चुकीची. इंग्रजीत ‘ऑल करेक्ट’ म्हणजे ‘सर्व बरोबर’. त्यातल्या ‘ऑल’चं पहिलं अक्षर ‘ए’ आणि ‘करेक्ट’चं ‘सी’. पण एखादा अडाणी माणूस कानाला ऐकू येईल तसं लिहील, तर ‘ओ’ आणि ‘के’ लिहील. त्याची नक्कल म्हणून ‘ओ. के.’! आपल्याकडे एखाद्या मिस्किल मास्तरांनी ‘शुद्धलेखन’ हा शब्दच ‘सुद्दलेकन’ असा लिहावा, आणि वर त्याचं ‘सु. ले.’ असं रूप करावं, तसलाच हा प्रकार. ‘सर्व बरोबर’ असं सांगणारी अक्षरं, आणि त्यांतलं एकही बरोबर नाही! २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’ या पत्रात ही दोन अक्षरं छापली गेली, आणि संपादकांनी शेजारीच त्यांचा अर्थही दिला.

अशी आणखी कितीतरी आद्याक्षरं त्या काळी निघाली आणि वर्षा-दोन वर्षांत विरून गेली. मग हेच एक का टिकलं? त्याला कारण झाली निवडणूक. १८४० साली मार्टिन व्हॅन ब्युरेन हे अमेरिकेचे अध्यक्ष दुसऱ्यांदा निवडून येण्याची खटपट करीत होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक. त्यावरून त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’, म्हणजे ‘किंडरहूकचे म्हातारबाबा’ म्हणत. त्याचीही आद्याक्षरं ओ. के.! अनुयायांनी न्यूयॉर्कमध्ये ‘ओ. के. क्लब’ काढला. “आमचे ओ. के. म्हणजे सर्व ठीक” असा प्रचार सुरू झाला. विरोधकही काही कमी नव्हते. त्यांनी त्याच दोन अक्षरांचे वाकडेतिकडे अर्थ लावून टिंगल आरंभिली. अँड्र्यू जॅक्सन या आधीच्या अध्यक्षांना शुद्ध लिहिता येत नव्हतं, ते कागदांवर ‘ऑल करेक्ट’ऐवजी ओ. के. लिहीत, अशीही एक कंडी पिकवण्यात आली. निवडणुकीत व्हॅन ब्युरेन हरले. पण दोन्ही पक्षांच्या तोंडून शब्द मात्र देशभर पोचला.

पुढे त्याला खरा उपयोग मिळाला तो तारायंत्रामुळे. १८४४ साली सॅम्युअल मोर्स यांनी वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या शहरांमध्ये तार सुरू केली. तारमास्तरांना आखूड खूण हवी होती. संदेश नीट पोचला हे कळवायला दोन अक्षरं पुरेशी झाली. पलीकडच्या कचेरीतून ओके आल्यावाचून तार पोचली असं धरत नसत. थट्टेतला शब्द अशा रीतीने कामकाजात शिरला. कचेरीतला साहेब कागदावर ओके लिहून सही करू लागला. आपल्याकडे जुन्या कागदाच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब उठे, आणि त्यावरून ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द रूढ झाला. तसंच काहीसं हे झालं.

आता गंमत अशी की मूळची थट्टा लोक विसरले, आणि मग शब्दाची कुळी शोधण्याची चढाओढ लागली. कोणी म्हणे हा ग्रीक भाषेतला. कोणी म्हणे स्कॉटलंडातला. कोणी आफ्रिकेतल्या भाषांकडे बोट दाखवलं. १९१३ ते १९२१ या काळात अध्यक्ष असलेल्या वुड्रो विल्सन यांचं मत पडलं, की तो अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूळ रहिवाशांच्या भाषेतला. म्हणून ते कागदांवर मंजुरी लिहिताना ‘ओके’चं स्पेलिंगही निराळं करीत. अखेर कोलंबिया विद्यापीठातले अ‍ॅलन वॉकर रीड या प्राध्यापकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून काढली, आणि १९६३-६४ साली लेखमाला लिहून बोस्टनच्या त्या थट्टेचा पुरावा समोर ठेवला. शिक्षकबंधूंनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शब्दाचं मूळ अदमासाने ठरत नसतं. तो प्रथम कुठे, केव्हा, कशाच्या शेजारी छापला गेला हे पाहावं लागतं.

मुळात अर्थ होता ‘सर्व बरोबर’. आज मात्र एकाच शब्दाला कितीतरी पदर आहेत. पडलेल्या माणसाला “ओके ना?” विचारलं तर अर्थ होतो ‘लागलं तर नाही ना?’. साहेबांनी बिल ओके केलं म्हणजे मंजूर केलं. मास्तर वर्गात येऊन “ओके” म्हणाले तर त्याचा अर्थ ‘चला, सुरू करू या’ एवढाच. आणि सिनेमा कसा होता, या प्रश्नाला “ओके” असं उत्तर आलं तर समजावं, की बेताचाच होता! आपलं ‘बरं’ असंच आहे. ‘बरं’ म्हणजे ऐकलं. ‘बरं’ म्हणजे मान्य. ताप उतरला म्हणजे माणूस ‘बरा’. आणि “बरं बरं, पाहू” म्हणजे बहुधा नकारच.

इथवर सारी मौज आहे. पण ‘ऐकलं’ आणि ‘मान्य आहे’ या दोन अर्थांत गल्लत झाली तर काय होऊ शकतं, त्याची एक दुःखद हकीकत सांगतो.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुकं होतं. जवळच्या दुसऱ्या विमानतळावर बाँब फुटल्यामुळे तिकडची विमानं इकडे वळवलेली, त्यामुळे गर्दी. एक डच विमान धावपट्टीच्या टोकाशी उभं होतं. एक अमेरिकन विमान त्याच धावपट्टीवरून हळूहळू पुढे येत होतं. धुक्यामुळे दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. डच वैमानिकाने रेडिओवरून कळवलं, की आम्ही आता उड्डाणाशी आहोत. मनोऱ्यावरून नियंत्रक म्हणाला, “ओके.” क्षणभर थांबून तो पुढे म्हणाला, की थांबा, मी कळवीन. पण त्याच क्षणी अमेरिकन वैमानिकही बोलू लागला, ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’. दोन्ही बोलणी एकमेकांत अडकली आणि डच विमानात कर्कश आवाज तेवढा ऐकू आला. स्वच्छ पोचला तो एकच शब्द : ओके. विमान धावू लागलं होतं, ते थांबलं नाही. त्या टकरीत ५८३ माणसं मृत्युमुखी पडली.

एका शब्दाने एवढा घात केला असं म्हणणं अन्यायाचं होईल. धुकं होतं, घाई होती, गर्दी होती, परवानगी मिळण्याआधीच विमान सुटलं होतं. पण त्या ‘ओके’ने त्याला अडवलं नाही, हेही खरं. पुढे विमानांच्या बोलण्याचे नियम कडक झाले. उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच ‘टेक-ऑफ’ हा शब्द उच्चारायचा. आणि महत्त्वाची सूचना मिळाली की नुसतं ओके म्हणायचं नाही. ऐकलेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची.

मंडळी, आपल्याला विमान चालवायचं नाही. पण पाटकरी सांगतो, “तुमची पाण्याची पाळी मंगळवारी रात्री दोनला.” आपण म्हणतो, “ओके.” रात्री दोन म्हणजे सोमवारची रात्र उलटून गेल्यावरचे दोन की मंगळवारची? शेत कोरडं राहिल्यावर भांडण होतं, आणि दोघेही आपापल्या परीने खरे असतात. दवाखान्यात डॉक्टर सांगतात, “ही गोळी जेवणाआधी, ही जेवणानंतर.” सोबतचा माणूस म्हणतो, “ओके.” घरी आल्यावर कोणती आधी नि कोणती नंतर? आणि वर्गात आपण विचारतो, “समजलं का?” चाळीस मुलं एका सुरात म्हणतात, “ओके, सर!” त्यात समजल्याचं ओके किती, आणि तास संपावा म्हणून म्हटलेलं किती, हे अनुभवी गुरुजींना सांगायला नको.

तेव्हा ओके म्हणू नका असा माझा आग्रह नाही. शब्द सुटसुटीत आहे, आणि आता तो आपल्या घरचाच झाला आहे. माझी विनंती एवढीच, की जिथे पाणी, औषध, पैसा किंवा दिवस-वार यांचा प्रश्न असेल, तिथे ओकेच्या पुढे आणखी एक वाक्य बोलावं : “म्हणजे मंगळवार मावळल्यावर जी रात्र येते, तिच्यात दोन वाजता दार उघडायचं, बरोबर ना?” गुरुजींनीही “समजलं का?” याऐवजी “काय समजलं ते सांग बरं” असं विचारून पाहावं. पहिल्या दिवशी वर्ग गप्प बसेल. पण आपण काय शिकवलं आणि मुलांपर्यंत काय पोचलं, हे त्या दिवशी आपल्याला कळेल.